कान आहेत की भोकं?

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही, म्हणून परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, सगळं ठीक ना?" मला ऐकू आलं, "ठिकाणा?" मी आपला त्याला घराचा संपूर्ण पत्ता पिनकोडसकट सांगितला! तो बिचारा गप्प. मग दोघंही हसलो. पण फोन ठेवल्यावर वाटलं, हा विषय किती दिवस मनात घोळतोय, आता लिहून टाकावा.

तर मंडळी, मला कमी ऐकू येतं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तपासणी केली तेव्हा त्या मुलीनं (माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढीच असेल) कागदावरचा आलेख दाखवून समजावलं. डाव्या बाजूला जाड, खालच्या पट्टीचे आवाज. तिथे माझी रेघ बऱ्यापैकी सरळ. उजवीकडे वरच्या पट्टीचे आवाज, तिथे रेघ घाटातल्या रस्त्यासारखी खाली उतरलेली. म्हणजे काय, तर आ, ओ, ऊ हे स्वर मला नीट ऐकू येतात. पण स, श, थ, फ ही नाजूक व्यंजनं गळून पडतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. "तुम्ही आवाजाला बहिऱ्या नाही, अक्षरांना आहात," असं ती म्हणाली.

आणि त्या क्षणी मला तो आठवला.

१९७८ साल असावं. आठवीचा वर्ग, सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मी मराठी आणि इतिहास शिकवत असे. तो शेवटच्या बाकावर बसायचा. उंच होता ना, म्हणून मागे. शुद्धलेखनाच्या वहीत त्याचे पराक्रम ठरलेले. मी सांगायची 'साप', तो लिहायचा 'आप'. मी 'शेत', तो 'एत'. सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. मी लाल शाईनं वही रंगवून काढायची. छडीही दिली आहे. आणि त्या काळात सगळेच मास्तर म्हणत ते मीही म्हटलं होतं, "कान आहेत की भोकं?"

नववीत त्यानं शाळा सोडली. माझ्या आलेखावरची ती उतरती रेघ पाहताना लक्षात आलं की मी चाळीस वर्षांनंतर त्याच्याच बाकावर येऊन बसले आहे. मुद्दाम चुका करत नव्हता तो. त्याला जे ऐकू येत होतं ते तो अगदी प्रामाणिकपणे लिहीत होता.

असो. नमनाला घडाभर तेल झालं. आज सांगायचंय ते मुलीकडे अमेरिकेत, ओहायोत, २०२३ साली गेले होते तेव्हाचं. तिथल्या मराठी मंडळींनी एक कौटुंबिक नाटक बसवलं होतं, एका शाळेचं सभागृह भाड्यानं घेऊन. मी म्हटलं, तुम्ही जा. नाटकाला जाऊन लोक हसले की आपण हसायचं, हे किती दिवस करायचं? श्रवणयंत्र आहे हो माझ्याकडे, चांगलं आहे. पण श्रवणयंत्राचा मायक्रोफोन असतो माझ्या कानावर, आणि बोलणारा असतो साठ फुटांवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. मधे पुन्हा शेजारणीच्या वेफर्सच्या पिशवीची कुरकुर, कुणाचं तरी खोकणं, पंख्याची घरघर, भिंतींवरून परतणारा घुमारा. यंत्र हे सगळं इमानेइतबारे मोठं करून कानात ओततं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, मला नायिका ऐकायची आहे की वेफर्स!

मुलगी तालमीला मला बळंच घेऊन गेली. सभागृहाच्या दाराशी एक निळी पाटी दिसली. तिच्यावर कानाचं चित्र आणि त्यावरून एक तिरपी रेघ. मला वाटलं, बहिऱ्यांना प्रवेश बंद! जावई हसला. म्हणाला, उलट आहे आई, इथे ऐकायची सोय आहे असा त्याचा अर्थ.

सोय म्हणजे काय, ते सांगण्याआधी जरा मागे जाते. इतिहासाच्या शिक्षिकेला मागे गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सभेत किंवा दरबारात बहिऱ्या माणसाला ऐकू यावं म्हणून केलेल्या खटपटींपैकी मला सर्वांत मजेदार वाटली ती एक खुर्ची. १८१९च्या सुमारास लंडनच्या एफ. सी. राइन या कर्णे बनवणाऱ्या कारागिरानं ती पोर्तुगालच्या सहाव्या जुआंव राजासाठी केली. (इंग्रजी पुस्तकांत तो सहावा जॉन. नेपोलियनच्या धाकानं ज्यानं सगळा दरबार जहाजांत भरून ब्राझील गाठलं, तोच. गोवा तेव्हा त्याच्याच राज्यात होता, म्हणजे आपलाही थोडा संबंध आहे.) खुर्चीचे हात आतून पोकळ, आणि त्यांच्या टोकांना तोंड उघडलेले कोरीव सिंह. फिर्याद घेऊन येणाऱ्यानं राजासमोर गुडघे टेकून सिंहाच्या तोंडात बोलायचं. आवाज हातातून आत जाणार आणि नळीनं राजाच्या कानाशी निघणार. बहिरा राजा असला की बोलणाऱ्याला गुडघे टेकावे लागतात, आणि बहिरा पोरगा असला की त्यालाच बाकावर उभं करतात.

पण गंमत बघा, त्या खुर्चीत मूळ युक्ती बरोबर सापडली होती. ऐकणाऱ्याचा कान मोठा करू नका, बोलणाऱ्याचं तोंड जवळ आणा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या काही चर्चमध्ये व्यासपीठापाशी एक फनेल बसवून तिथून नळ्या खालून बाकांपर्यंत नेल्या. ज्याला कमी ऐकू येतं त्यानं आपल्या बाकावरच्या नळीचं टोक कानाला लावायचं. पाद्रीबाबांच्या तोंडापाशी फनेल, भक्ताच्या कानापाशी टोक, मधल्या अंतराचा प्रश्नच मिटला.

मग आली वीज. ग्रॅहॅम बेलची आई बहिरी, बायको मेबल पाचव्या वर्षी तापात बहिरी झालेली, आणि तो स्वतः बोस्टनला बहिऱ्या मुलांचा मास्तर. १८७६ साली त्याला टेलिफोनचं पेटंट मिळालं. टेलिफोनच्याच तत्त्वावर अलाबामाच्या मिलर रीस हचिसननं १८९८च्या सुमारास विजेचं पहिलं श्रवणयंत्र केलं. त्याची सुधारलेली आवृत्ती इंग्लंडच्या अलेक्झांड्रा राणीला फार आवडली म्हणे, आणि पुढे हे यंत्र चर्चच्या बाकांवरही बसवलं जाऊ लागलं. याच हचिसननं नंतर मोटारीचा तो कर्कश्श क्लॅक्सन हॉर्न शोधला! लोक चेष्टेनं म्हणत की आधी हॉर्ननं बहिरं करतो आणि मग यंत्र विकतो.

या सगळ्यांत अडचण एकच, ती म्हणजे तार. तार जिथे पोचली त्याच खुर्चीवर बहिऱ्यानं बसायचं. देवळात बायकांची बाजू वेगळी तशी सभेत बहिऱ्यांची रांग वेगळी. रशियातून इंग्लंडला आलेल्या जोसेफ पोलियाकॉफनं १९३७ साली यातून वाट काढली. खोलीभोवती तारेचं एक वेटोळं घालायचं आणि त्यात आवाजाचा विद्युत्प्रवाह सोडायचा. मग खोलीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि श्रवणयंत्रातली छोटीशी गुंडाळी ते पकडते. ही गुंडाळी आजही पुष्कळ श्रवणयंत्रांत असते. तिला 'टी' म्हणतात. माझ्या यंत्रात ती होती हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं!

पण हे क्षेत्र भिंतीला जुमानत नाही. शाळेत शेजारच्या वर्गात दुसरं वेटोळं असलं की चौथीचे पाढे पाचवीच्या कानात. इथे मदतीला आला एफएम.

एफएम म्हणजे गाण्यांचं रेडिओ स्टेशन एवढंच मला माहीत होतं. जावयानं समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. तबल्यावर लय कायम ठेवून थाप कधी जोरात, कधी हलकी मारायची, तो झाला जुना एएम रेडिओ. थाप एकसारखीच ठेवायची, पण लय क्षणात वाढवायची, क्षणात उतरवायची, तो एफएम. वीज कडाडली, मिक्सर लागला, की त्याची खरखर थापेच्या जोरात मिसळते. लयीला धक्का लागत नाही. म्हणून एफएम स्वच्छ.

हे डोकं एडविन आर्मस्ट्राँगचं. १९३३ साली त्याला पेटंटं मिळाली आणि तिथूनच त्याचे हाल सुरू झाले. रेडिओतल्या बलाढ्य कंपनीशी, आरसीएशी, भांडण जुंपलं. १९४५ साली सरकारनं एफएमच्या लहरींचा पट्टाच बदलला, तेव्हा लोकांच्या घरातले जुने एफएम सेट निरुपयोगी ठरले. कोर्टकचेऱ्यांनी पिचून ३१ जानेवारी १९५४ या दिवशी त्यानं तेराव्या मजल्याच्या खिडकीतून उडी घेतली. त्याची बायको मॅरियन पूर्वी त्याच आरसीएच्या प्रमुखाची, डेव्हिड सारनॉफची, सेक्रेटरी होती. नवऱ्यामागे तिनं खटले सोडले नाहीत. शेवटचा निकाल १९६७ साली लागला, आणि तोही तिच्या बाजूनं. या बाईविषयी मला स्वतंत्र लेख लिहायचा आहे.

यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेतल्या बहिऱ्या मुलांच्या वर्गांत एफएम आला. बाईंच्या गळ्यात मायक्रोफोन आणि छोटा प्रक्षेपक, मुलांच्या अंगावर ग्राहक. प्रत्येक वर्गाचा चॅनल निराळा, म्हणजे पाढ्यांची सरमिसळ नाही. ७२ ते ७६ मेगाहर्ट्झमधल्या लहरी तिथे या कामासाठी राखून दिल्या, आधी शाळांना आणि ऐंशीच्या दशकात नाट्यगृहं, सभागृहं, चर्चना. १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदाही तिथे झाला. म्हणजे मी 'साप'वर लाल फुली मारत होते तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला कुणी बाई गळ्यात मायक्रोफोन अडकवून 'साप' म्हणत होती. मला ते माहीत असतं तरी मी काय करू शकले असते, असं स्वतःला विचारते. निदान त्याला पहिल्या बाकावर बसवलं असतं की! त्याला तर यंत्र लागत नव्हतं.

सभागृहांना सक्ती झाली ती १९९०च्या अपंग हक्क कायद्यानं. तिथला आत्ताचा हिशेब असा, की ध्वनिवर्धक असलेल्या तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात बारा ग्राहक असलेच पाहिजेत, आणि त्यांतले तीन तरी श्रवणयंत्र न काढता वापरता येतील असे. आमचं सभागृह बरोबर तीनशेचं.

मग आम्ही पेटी मागितली. किल्ली सापडायला अर्धा तास गेला. लोखंडी कपाटाच्या तळाला पेटी, तिच्यावर धूळ. आत पुस्तकाएवढा प्रक्षेपक आणि बारा ग्राहक. चार ग्राहकांत बॅटऱ्या फुटून हिरवा बुरा साचलेला. श्रवणयंत्रवाल्यांनी गळ्यात घालायच्या तीन माळा अजून प्लास्टिकमध्येच! (माळ म्हणजे ते पोलियाकॉफचं वेटोळंच, खोलीऐवजी गळ्याभोवती.) म्हणजे दाराला पाटी होती, कपाटात पेटी होती, आणि वर्षानुवर्षं कुणी विचारलं नव्हतं. दोष तरी कुणाला द्यायचा? मागायला जायचं म्हणजे 'मी बहिरा आहे' असं चारचौघांत सांगायचं. मीही चार वर्षं सांगितलं नव्हतंच की!

जावई आणि मंडळाचा ध्वनियोजना बघणारा मुलगा कामाला लागले. मी खुर्चीत बसून सूचना करत होते. ती सवय कुठे जायला.

प्रक्षेपक लावला आणि ग्राहक कानाला लावला तर भुंग्यासारखी गुणगुण. तार दिव्यांच्या जाड केबलींना चिकटून गेली होती. ती वेगळ्या बाजूनं नेली तेव्हा भुंगा उडाला. मग डावीकडच्या कोपऱ्यात आवाज तुटायला लागला, कारण प्रक्षेपक लोखंडी कपाटातच ठेवलेला. त्याची ती लवचीक एरियल लोखंडाच्या आत कोंडली तर लहरी बाहेर कशा पडणार? तो वर काचेच्या खिडकीत ठेवला.

तिसरी भानगड जास्त नाजूक होती. सभागृहाच्या कर्ण्यांना जातो तोच आवाज आम्ही प्रक्षेपकाला दिला होता. त्यात पार्श्वसंगीत एवढं, की शब्द बुडाले. नाटकवाल्यांना संगीत प्यारं, पण बहिऱ्याला आधी शब्द हवेत. त्या मुलानं मिक्सरच्या दुसऱ्या वाटेनं, त्याला तो 'ऑक्स' म्हणत होता, वेगळं मिश्रण काढलं. नटांच्या कॉलरवरचे मायक्रोफोन पूर्ण, संगीत अगदी चवीपुरतं. एकाच वरणाला दोन फोडण्या, मी म्हटलं.

उगाच कुणाचा गैरसमज नको म्हणून इथेच सांगते. तिथलं हे यंत्र बॅगेत घालून आपल्या गावच्या वाचनालयात आणून लावायचं, असं करू नका. रेडिओलहरींची वाटणी प्रत्येक देशात निराळी असते. तिथे मोकळा असलेला पट्टा इथे परवान्याशिवाय वापरता येईलच असं नाही. विचारून, जाणत्या माणसाकडून करावं. तारेच्या वेटोळ्याला प्रक्षेपकच नाही, म्हणून लहान वाचनालयाला तेच सोपं पडेल असं मला वाटतं. आणि आता ब्लूटूथमधून एकाच वेळी सगळ्या सभागृहाला ऐकवायची नवी पद्धतही २०२२पासून येऊ घातली आहे. आपल्याकडेही २०१६चा अपंग हक्क कायदा आहे. मी ज्या सभागृहांत व्याख्यानं ऐकली (म्हणजे बसले) त्यांपैकी एकाच्याही दाराशी कानाची पाटी मी पाहिलेली नाही. चपला बाहेर काढण्याची मात्र सगळीकडे.

सगळं झाल्यावर जावई म्हणाला, आता परीक्षा. तो रंगमंचावर उभा राहिला, मी शेवटच्या रांगेत कागद-पेन घेऊन. मीच त्याला शब्द दिले होते, पण यादीची उलथापालथ करून वाच म्हटलं होतं. आधी नुसत्या श्रवणयंत्रावर. मी लिहिलं: आत, आप, एत, अणस, अवा. मग गळ्यात माळ घातली. आणि यंत्राचं ते 'टी'चं बटण काही केल्या सापडेना. तालमीला आलेला एक दहा वर्षांचा मुलगा जवळ उभा होता. त्याच्या दोन्ही कानांना निळी चकचकीत यंत्रं. म्हणाला, "आजी, दाबून धर. टू सेकंद. बीप येईल." आला!

जावयानं पुन्हा यादी वाचली. मी लिहिलं: सात, साप, शेत, फणस, थवा.

इतका जवळून की मी दचकून शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं. साठ फुटांवरचा माणूस माझ्या कानाशी 'साप' म्हणत होता, त्यातल्या 'स'च्या फुत्कारासकट. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. अजून आहे.

त्या मुलाशी मग माझी गट्टी जमली. तो तिथल्या रविवारच्या मराठी शाळेत जायचा. त्याच्या रोजच्या शाळेत बाई गळ्यात मायक्रोफोन घालतात. आता त्यांत २.४ गिगाहर्ट्झची डिजिटल यंत्रं असतात, पण तो त्याला एफएमच म्हणत होता. एकदा बाई मायक्रोफोन बंद करायला विसरल्या आणि तशाच स्टाफरूममध्ये गेल्या. यानं वर्गात बसून सगळं ऐकलं. "काय बोलत होत्या रे?" मी विचारलं. छत्तीस वर्षं स्टाफरूममध्ये काढलेली बाई मी, मला उत्सुकता असणारच. "ते सीक्रेट आहे," तो म्हणाला, आणि असा मिश्कील हसला!

प्रयोगाच्या दिवशी आठ ग्राहक चालू होते. जाहीर करायचं काम माझ्याकडे आलं. "ज्यांना माझ्यासारखं कमी ऐकू येतं त्यांनी दाराशी यावं," असं मी माइकवरून सांगितलं. आधी कुणीच हललं नाही. मग एक आजोबा उठले, मग त्यांच्यामागून एकदम पाचजण. एका काकूंनी नवऱ्यासाठी म्हणून नेला आणि स्वतःच लावून बसल्या. तिन्ही माळा गेल्या. एक माझ्या गळ्यात, एक आजोबांच्या आणि तिसरी त्या मुलाच्या.

पुढच्या रांगेत दोन खुर्च्या आमच्यासाठी राखलेल्या होत्या. पाहते तर हा पठ्ठ्या शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. आईनं पुढे बोलावलं तर हलेना. मी जाऊन विचारलं, "अरे, पुढे जागा आहे ना?"

"पण इथून ऐकू येतं," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बसले. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. पहिलं वाक्य सासूचं होतं. त्यात तीन 'स' होते, मी मोजले.